घरच्या यंत्रांचें बारसें

मूल जन्मलें कीं बाराव्या दिवशीं त्याचें बारसें होतें, आत्याबाई त्याच्या कानांत नांव सांगतात, आणि तेव्हांपासून तें घरांतलें एक माणूस म्हणून ओळखलें जातें. आमच्या घरांत गेल्या दहा वर्षांत जीं यंत्रें आलीं, त्यांपैकीं एकाच्याहि वांट्याला हा संस्कार आला नव्हता. खोकें उघडावें, तार जोडावी, वायफायचा परवलीचा शब्द घालावा, कीं यंत्र कामाला लागलें. त्याला याहून अधिक कांहीं लागतें असें आम्हांस कधीं वाटलेंच नाहीं. घरांत माणसें अकरा. श्रावणांत एकदां मोजलीं तेव्हां घरच्या जाळ्यावरचीं यंत्रें चौतीस निघालीं. हीं मोजण्याची पाळी ज्या प्रसंगामुळें आली तो आधीं सांगतों. मग नांवांचा विषय.

सांगलीच्या गांवभागांतला आमचा वाडा जुना आहे. पुढें ओसरी, मध्यें माजघर, वर माडी, आणि चौक ओलांडून परसदाराकडे एक एकटी खोली. ही खोली आमच्या मातोश्रींची, म्हणजे माईंची. त्यांचें वय ब्याऐंशी. माडीवर चढवत नाहीं आणि पुढच्या गलबल्यांत झोंप लागत नाहीं, म्हणून ती खोली त्यांनीं स्वतःच मागून घेतली. गेल्या वर्षीं त्यांना एकदां घेरी आली, तेव्हांपासून त्यांच्या संमतीनें तेथें एक लहानसा कॅमेरा बसविलेला आहे. धाकट्या सूनबाई मिरजेस एका बँकेंत कामाला जातात. दुपारीं डबा खातांना फोनवर एकदां माईंची खोली पाहावी, त्या पोथी वाचीत बसलेल्या दिसल्या कीं निश्चिंत मनानें कामाला लागावें, असा त्यांचा नेम.

श्रावणांतल्या दुसऱ्या मंगळवारीं घरच्या बायका नात्यांतल्या एका मंगळागौरीला गेल्या होत्या आणि पुरुषमंडळी आपापल्या कामाला. त्याच दिवशीं सकाळीं आमच्या बंधूंचे चिरंजीव, वय वर्षें सतरा, राउटरची यादी उघडून बसले होते. चित्रपट पाहतांना मधेंच अडखळतो, तेव्हां शेजारचें कोणी तरी आपला परवलीचा शब्द चोरून वापरीत असलें पाहिजे, असा त्यांचा संशय. यादींत एके ठिकाणीं नांवाच्या जागीं ‘अज्ञात’ एवढाच शब्द होता. समोर ‘प्रतिबंध’ अशी कळ होती. ती त्यांनीं दाबली आणि ते समाधानानें कॉलेजला गेले.

दुपारीं सूनबाईंना फोनवर काळोख दिसला. पावसाचे दिवस, वीज गेली असेल, असें त्यांना वाटलें आणि तें वाटणें चुकीचें नव्हतें. तासाभरानें पुन्हा पाहिलें, पुन्हा काळोख. माईंना फोन लावला तर तो माजघरांत विजेला लावलेला. साहेबांची परवानगी काढून त्या निघाल्या आणि चारच्या सुमारास घरीं पोंचल्या. माई नहाणीच्या उंबऱ्यापाशीं जमिनीवर बसलेल्या होत्या. पाय घसरला होता आणि उजव्या मनगटाचें हाड चिरलें होतें. ‘आधीं हांका मारल्या,’ त्या म्हणाल्या, ‘कोणी येत नाहीं म्हटल्यावर रामरक्षा म्हणत बसलें. सात वेळां झाली.’

चिरंजीवांना कोणी रागें भरलें नाहीं. त्यांचा चेहराच पाहवत नव्हता. आणि खरें म्हणजे अपराध त्यांचा एकट्याचा नव्हता. त्या रात्रीं आम्हीं स्वतः ती यादी प्रथमच उघडून पाहिली. चौतीस ओळी! त्यांपैकीं आम्हांस उमगल्या त्या नऊ. तीन ठिकाणीं ‘डेस्कटॉप’ आणि त्यापुढें सात अक्षरांचा अर्थहीन जुडगा. एका ठिकाणीं ‘अँड्रॉइड’ आणि त्यापुढें सोळा अक्षरें. विजेच्या दिव्यांपैकीं दोघांचें नांव ‘ईएसपी’, खालीं एक रेघ, आणि सहा अंकाक्षरें. एकाच बनावटीचे आणि एकाच नांवाचे फोन दोन. कॅमेरा बसविणाऱ्या कारागिरानें नांवाचा रकाना मोकळा सोडला होता आणि पैसे देतांना आम्हींहि तो पाहिला नव्हता. ज्या यादींत आपली आई कोणत्या ओळींत आहे हें घरच्या कर्त्या पुरुषाला सांगतां येत नाहीं, त्या यादीवर सतरा वर्षांच्या मुलानें चूक केली तर नवल तें काय?

भिंतीवरची ती हिरवे दिवे लुकलुकणारी पेटी कोणतें काम करते हें थोडक्यांत समजून घेतल्याशिवाय पुढचें कळणार नाहीं. घरांत कोणतेंहि यंत्र वायफायवर आलें कीं तें प्रथम राउटरला म्हणतें, ‘मला एक क्रमांक द्या.’ राउटर आपल्या जवळच्या क्रमांकांतून एक काढून देतो. घरगुती जाळ्यांत हा क्रमांक बहुधा १९२.१६८ असा सुरू होतो. खाजगी जाळ्यांसाठीं राखून ठेवलेल्या क्रमांकांच्या मालिकांपैकीं ही एक आहे आणि तशी नोंद १९९४ सालापासून आहे. ह्या देवघेवीच्या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. आतां गोम अशी कीं हा क्रमांक इनाम दिलेला नसतो, मुदतीच्या पट्ट्यानें दिलेला असतो. मुदत कोठें बारा तासांची, कोठें एक दिवसाची. मुदत संपण्यापूर्वीं यंत्रानें पट्टा वाढवून घेतला तर ठीक; नाहीं तर तोच क्रमांक उद्यां दुसऱ्याला जाईल. वीज जाऊन आली, राउटर पुन्हा सुरू झाला, कीं कित्येकदां क्रमांकांची अदलाबदल होते. मागें चार महिने आमच्या घरचें छापण्याचें यंत्र ‘सांपडत नाहीं’ अशी तक्रार दर पंधरा दिवसांनीं येत असे आणि आम्ही यंत्राला दोष देत असूं. तें बिचारें जाग्यावरच होतें. मुलांच्या संगणकांत त्याचा जुना क्रमांक लिहिलेला होता, एवढेंच.

क्रमांक मागतांना यंत्राला आपलें नांवहि सांगतां येतें. त्याच नांवाला होस्टनेम म्हणतात. होस्ट म्हणजे यजमान. तेव्हां ‘यजमानांचें नांव घ्या’ असा आग्रह राउटर दर वेळीं करीत असतो. कांहीं यंत्रें कारखान्यांत शिकविलेला उखाणा म्हणून दाखवितात आणि कांहीं आमच्या आजीप्रमाणें लाजून गप्प बसतात. यंत्र गप्प बसलें कीं यादींत ‘अज्ञात’ येतें. परंतु यंत्रानें नांव सांगितलें नाहीं तरी घरच्या माणसाला राउटरच्या वहींत तें लिहून ठेवतां येतें, आणि हाच ह्या लेखाचा विषय आहे.

क्रमांकाच्या जागीं नांव असावें हा विचार घरगुती हौसेंतून निघालेला नाहीं. १९७१ सालीं अमेरिकेंत आर्पानेट नांवाचें जें जाळें होतें, ज्यांतून पुढें आजचें इंटरनेट उभें राहिलें, त्यावर मोठे संगणक सुमारें तेवीस होते. म्हणजे आमच्या वाड्यापेक्षां कमीच. तेवढ्यांतहि घोटाळा माजला. प्रत्येक ठिकाणच्या मंडळींनीं इतर ठिकाणच्या संगणकांना आपापल्या सोयीचीं नांवें दिलीं होतीं. एकाच संगणकाला येथें एक म्हणत, तेथें दुसरें. मायटर संस्थेंतल्या पेगी कार्प ह्या बाईंनीं त्या वर्षींच्या सप्टेंबरांत एक टिपण काढून सर्वांनीं एकच नांवनिशी वापरावी असें सुचविलें. पुढें ही नांवनिशी कॅलिफोर्नियांतल्या मेन्लो पार्क येथें स्टॅनफर्ड संशोधन संस्थेंत ठेवली जाऊं लागली. तेथील माहिती-केंद्राच्या प्रमुख एलिझाबेथ फाइनलर ह्या होत्या. नवा संगणक जाळ्यावर आणावयाचा तर त्यांच्या कचेरीला कळवावें, नांव आधींच कोणी घेतलेलें नाहीं ना तें त्यांनीं पाहावें, वहींत नोंद करावी, आणि ती वही सर्व ठिकाणच्या लोकांनीं वेळोवेळीं उतरून घ्यावी, असा क्रम होता. गांव लहान होतें तोंवर हें चाललें. संगणक शेंकड्यांनीं वाढूं लागल्यावर एका वहीनें भागेना, तेव्हां पॉल मोकापेट्रिस यांनीं १९८३ सालीं अशी रचना मांडली कीं एकच वही कोणी ठेवूं नये. ज्यानें त्यानें आपापल्या हद्दींतल्या नांवांची वही ठेवावी आणि बाहेरच्यानें विचारल्यास उत्तर द्यावें. हीच डीएनएस. आज आपण जो कोणता पत्ता टंकतों तो ह्याच मार्गानें शोधला जातो.

आमच्या राउटरमधली वही म्हणजे त्या मेन्लो पार्कच्या वहीचीच नात. पुष्कळ राउटरांत सायमन केली यांनीं लिहिलेला डीएनएसमास्क नांवाचा एक चिमुकला कार्यक्रम चालतो. क्रमांकांचे पट्टे देणें आणि नांवांचीं उत्तरें देणें हीं दोन्ही कामें तो एकटा करतो. मुलानें ‘छापखाना’ असें विचारलें कीं हा आपल्या वहींत पाहतो आणि ‘अमुक क्रमांकावर आहे’ असें सांगतो. क्रमांक बदलला तरी मुलाला तें कळण्याचें कारण उरत नाहीं.

एवढें समजल्यावर त्या रविवारीं सारें घर ओसरीवर बसलें. माईंचा हात गळ्यांत बांधलेला. चिरंजीवांनीं यादी कागदावर उतरून आणली होती. नांवें ठेवणें (हा शब्द मराठींत दोन अर्थांचा आहे आणि त्या दिवशीं दोन्ही अर्थांनीं काम झालें) आम्हांस वाटलें तितकें सोपें निघालें नाहीं.

पहिली अडचण आमच्या एकत्र कुटुंबाचीच होती. घरांत आपण माणसांना ज्या नांवांनीं हांक मारतों तीं बहुतेक नात्याचीं, आणि नातें बोलणाऱ्यावर अवलंबून असतें. आमचीं मुलें आम्हांस ‘बाबा’ म्हणतात, बंधूंचीं मुलें ‘काका’, बंधु ‘दादा’, भावजय ‘भाऊजी’ आणि माई ‘नाना’. बंधु आमच्या मुलांचे काका आणि आम्ही त्यांच्या मुलांचे. तेव्हां एकानें मोठ्या विचारानें सुचविलेलें ‘काकांचा फोन’ हें नांव दोन यंत्रांना सारखेंच लागूं पडत होतें! १९७१ सालीं त्या तेवीस संगणकांची झाली तीच ही दशा. राउटरला नातीं कळत नाहींत. त्याला असें नांव पाहिजे कीं जें कोणाच्याहि तोंडीं एकच राहील. एक नांव दोघांना दिल्यास काय होतें हेंहि आम्हीं पाहिलें. त्या डीएनएसमास्कचा शिरस्ता असा कीं तेंच नांव सांगत दुसरा कोणी आला तर पहिल्याच्या नोंदींतलें नांव पुसून तें नव्याला द्यावें. एका नांवाच्या आमच्या दोन फोनांपैकीं एक नेहमीं बिननांवाचा कां दिसे, तें तेव्हां उलगडलें.

मग कोणी म्हणालें, माणसाचें पाळण्यांतलें नांव द्यावें. तेंहि टिकलें नाहीं. संयुक्त कुटुंबांत वस्तु एका हातीं राहत नाहीं. थोरल्याचा संगणक कॉलेज संपलें कीं धाकट्याकडे, धाकट्याकडून माजघरांत हिशेबाला. तीन वर्षांनीं नांव एकाचें आणि वापर दुसऱ्याचा. १९९० सालीं डॉन लाइब्स यांनीं संगणकाला नांव कसें निवडावें ह्यावर एक छोटेखानी टिपण लिहिलें, तें आजहि वाचण्याजोगें आहे. स्वतःचें नांव यंत्राला देऊं नका, हा त्यांतला एक सल्ला. दुसरा असा कीं रोजच्या बोलण्यांत येणारा शब्द घेऊं नका. एका ठिकाणीं संगणकाचें नांव ‘अप’ ठेवलें होतें. तो बंद पडला कीं ‘अप डाउन आहे काय’ असें विचारावें लागे आणि ऐकणाऱ्याला बोध होत नसे. आमच्या घरीं कोणी ‘दिवा’ हें नांव सुचविलें तेव्हां ह्याच उदाहरणानें आम्हीं तें नाकारलें. ‘दिवा लागत नाहीं’ म्हणजे काय समजावयाचें?

शेवटीं खोल्या उपयोगी पडल्या. माजघर हें सूनबाईंना माजघर आणि पाहुण्यालाहि माजघरच. ओसरी, माडी, कोठी, परसदार हीं नांवें वाड्यांत आमच्या पणजोबांपासून चालत आलीं आहेत. तीं कोणाच्या वयानें किंवा नात्यानें बदलत नाहींत. जें यंत्र जागा सोडीत नाहीं त्याला जागेचें नांव, आणि एका जागेंत दोन असलीं तर पुढें आडवी रेघ देऊन वस्तूचें नांव. ‘ओसरी-टीव्ही’, ‘माडी-राउटर’, ‘कोठी-दिवा’. दिव्याला अशी जोड मिळाल्यावर घोटाळा राहिला नाहीं. छापण्याच्या यंत्राला मात्र सर्वानुमतें ‘छापखाना’. सगळ्या घराला ठाऊक असलेली वस्तु एकच असेल तर अपवाद करण्यास हरकत नसावी.

लिपीचा प्रश्न निघाला आणि तेथें आमचा थोडा विरस झाला. होस्टनेमांत रोमन अक्षरें, अंक आणि आडवी रेघ एवढ्यांनाच जागा आहे. आडवी रेघ आरंभीं किंवा शेवटीं चालत नाहीं, लहान-मोठ्या अक्षरांत भेद नाहीं, आणि दोन टिंबांमधला एक शब्द ६३ अक्षरांहून लांब असतां कामा नये. १९८५ सालच्या नियमांत नांवाचें पहिलें चिन्ह अंक असण्यासहि मनाई होती. ती १९८९ सालीं उठली. खालच्या रेघेला अजूनहि परवानगी नाहीं, म्हणजे वर सांगितलेल्या त्या ‘ईएसपी’ दिव्यांचें जन्मनांवच नियमबाह्य होतें. देवनागरींत सबंध संकेतस्थळाचें नांव घेतां येतें; ‘.भारत’ ही देवनागरी हद्द २०१४ सालीं खुली झाली आहे. पण आंतून तेंहि रोमन अक्षरांच्या एका सांकेतिक जुडग्यांतच बदललें जातें, आणि घरगुती राउटरचा रकाना तर देवनागरी अक्षर बहुधा घेतच नाहीं. तेव्हां आमचें माजघर रोमन वेषांतच वहींत गेलें. त्यावरहि वाद झाला: ‘मा’ला एक ‘ए’ कीं दोन? ‘माळा’ लिहिला तर ‘माला’ वाचला जाणार आणि ‘माडी’चा उच्चार मुंबईचे जांवईबापू काय करतील कोण जाणे! आम्हीं ठराव केला कीं कमींत कमी अक्षरें घ्यावीं, एकच लेखन कायम करावें, आणि शंका आल्यास भिंतीवरची यादी पाहावी. मराठी माणसाला मराठी शब्द विलायती अक्षरांत कसा लिहावा ह्यावर तास घालवावा लागतो, ह्याचा खेद वाटल्यावांचून राहत नाहीं. पण नियम आमचे नव्हेत.

आतां प्रत्यक्ष कृति. संगणकावरच्या ब्राउझरमध्यें राउटरचा क्रमांक, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, टंकावा. पेटीच्या खालीं चिकटविलेल्या कागदावर तो आणि आंत जाण्याचा परवलीचा शब्द छापलेला असतो. तो शब्द त्याच दिवशीं बदलून टाकावा. आंत डीएचसीपीचें पान शोधावें. तेथें ‘राखीव पत्ता’ किंवा ‘स्टॅटिक लीज’ अशा अर्थाची एक वही सांपडेल. तींत तीन गोष्टी लिहावयाच्या: यंत्राचा मॅक क्रमांक, त्याला कायमचा द्यावयाचा पत्ता, आणि नांव. मॅक क्रमांक हा यंत्राला कारखान्यांतच मिळालेला बारा अंकाक्षरांचा जन्मक्रमांक. तो यंत्राच्या पाठीवर किंवा खोक्यावर सांपडतो. ज्या राउटरांत ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली घातलेली असते तेथें पट्ट्यानें द्यावयाचे क्रमांक मुळांतच १०० पासून पुढें दीडशें ठेवलेले असतात; आपले कायमचे क्रमांक शंभराच्या आंत घेतले कीं टक्कर होत नाहीं. आम्हीं राउटर सोडून दहापासून आरंभ केला आणि खोलीगणिक दहा-दहा राखून ठेवले. ह्याच प्रणालींत होस्टनेमांची आणखी एक वही निराळी आहे. तींत केवळ नांव आणि पत्ता लिहितां येतो. जीं यंत्रें आपला क्रमांक स्वतःच धरून बसलेलीं असतात, राउटरकडे मागतच नाहींत, त्यांच्यासाठीं ती उपयोगी पडते.

नांवाला आडनांवहि लागतें. घराच्या जाळ्याला मागें कोणी ‘लोकल’ असें आडनांव देत, पण तें २०१३ सालापासून दुसऱ्याच एका पद्धतीसाठीं राखलेलें आहे. तींत यंत्रें राउटरला न विचारतां आपसांतच एकमेकांचीं नांवें शोधतात. तें आडनांव घेतल्यास दोन्ही पद्धतींची गल्लत होते. घरांसाठीं म्हणून २०१८ सालीं ‘होम.आर्पा’ हें आडनांव नेमून दिलें गेलें. तें कोणाहि घरानें बिनदिक्कत वापरावें. तें घराबाहेर कोठेंच ओळखलें जात नाहीं, आणि आंतल्या नांवांनीं बाहेर जाऊं नये हेंच बरें. नोंद झाल्यावर त्या यंत्राचा वायफाय एकदां बंद करून सुरू करावा, म्हणजे नवा पट्टा मिळतो. नंतर संगणकावर ‘पिंग’ ही आज्ञा देऊन पुढें नांव लिहावें. उत्तर आलें कीं बारसें पार पडलें. जोडणी देणाऱ्या कंपन्या ज्या पेट्या लावून जातात त्यांपैकीं कांहींमध्यें नांव केवळ यादींतली चिठ्ठी म्हणून राहतें आणि त्या नांवानें हांक मारल्यास उत्तर येत नाहीं. तरीहि ती चिठ्ठी लावावी. माईंचा कॅमेरा त्या दिवशीं नुसत्या चिठ्ठीनेंहि वांचला असता.

दुपारपर्यंत एकोणीस यंत्रांचीं नांवें लागलीं. माईंच्या खोलींतल्या कॅमेऱ्याला चिरंजीवांनीं ‘माई’ हें नांव सुचविलें; त्यांच्या मनांत काय होतें तें सर्वांना कळत होतें. माई म्हणाल्या, ‘मी कांहीं यंत्र नाहीं. आणि उद्यां मी नसलें तर तें नांव पुसायला तुमचा हात उचलणार नाहीं. परसदार लिहा.’ तसेंच लिहिलें.

राहिलीं पंधरा, त्यांत अकरा फोन. आम्हीं कागद पुढें ओढला आणि कोणाचा कोणता तें विचारूं लागलों. तेव्हां माईंनींच विचारलें, ‘ह्या तुमच्या वहींत कोणता फोन रात्रीं किती वाजेपर्यंत चालूं होता तेंहि दिसतें कां?’ दिसतें, असें चिरंजीवांनीं सांगितलें; निदान कोणतें यंत्र केव्हां जोडलें गेलें आणि केव्हां सुटलें एवढें तरी पुष्कळ राउटर टिपून ठेवतात. ओसरीवर क्षणभर कोणी बोललें नाहीं. आम्हीं थोरल्या सूनबाईंकडे पाहिलें तर त्यांनीं नजर खालीं वळविली. त्या रात्रीं उशिरां माहेरीं बहिणीशीं बोलतात हें आम्हांस ठाऊक आहे आणि त्यांत गैर कांहींच नाहीं. पण ठाऊक असणें निराळें आणि वहींत लिहिलेलें असणें निराळें. पूर्वीं वाड्यांत कोणाच्या खोलींत दिवा किती वेळ जळतो हें सासूबाई चौकांतून पाहत असत. त्या दिवसांचें कौतुक आम्हांस कधींच वाटलें नाहीं, आणि तोच चौक आतां राउटरमध्यें बांधण्याचें काम आम्ही भर दुपारीं, सर्वांच्या देखत, करीत होतों.

माणसाचें नांव बाहेरहि घात करतें. फोन किंवा संगणक क्रमांक मागतांना जें नांव सांगतो तें उघड्यावर सांगतो. स्टेशनवर, उपाहारगृहांत, परक्या घरीं, जेथें जेथें तो वायफायला जोडला जाईल तेथें तेथें. संगणकाच्या नांवांत मुलीचें नांव असेल तर ती कोठें बसली आहे हें त्या जाळ्यावरच्या कोणालाहि वाचतां येण्याचा संभव असतो. २०१७ सालीं इंटरनेटच्या नियमकर्त्या मंडळींनीं ह्याच चालीला घातक ठरविणारें एक टिपण प्रसिद्ध केलें आहे. त्या सुमारापासून फोन बनविणाऱ्यांनींहि सावधगिरी धरली. २०१९-२० पासूनचे फोन प्रत्येक जाळ्यावर एक बनावट मॅक क्रमांक दाखवितात, जेणेंकरून त्यांचा माग काढतां येऊं नये. घरच्या वहींत अशा फोनाला कायमचा पत्ता द्यावयाचा तर त्या एका जाळ्यापुरती ही सोय बंद करावी लागते. आम्हीं ती कोणाला बंद करावयास लावली नाहीं.

तेव्हां ठरलें तें असें. जें घराचें, त्याला घरानें नांव द्यावें आणि तें कागदावर लिहून कोठीच्या कपाटाच्या दाराला आंतून लावावें. जें ज्याचें हातचें, त्याचें नांव ज्यानें त्यानें आपल्या फोनच्या सेटिंगांत स्वतः ठेवावें. हवें तर एखाद्या फुलाचें, नदीचें, कशाचेंहि. फक्त दुसऱ्यानें घेतलेलें नसावें आणि माणसाचें नसावें. कोणतें कोणाचें हें वहींत लिहूं नये. ‘अज्ञात’ अशी नवी ओळ दिसली तर कळ दाबण्यापूर्वीं रात्रीं जेवणाच्या वेळीं मोठ्यानें विचारावें. आणि प्रतिबंधाची कळ दोघांनीं मिळून दाबावी, हा चिरंजीवांचा स्वतःचा आग्रह.

माईंचें मनगट आतां बरें आहे. लाडू वळतांना थोडें दुखतें म्हणतात. परवां दोन तास वीज गेली होती, आणि आल्यावर धाकट्या सूनबाईंनीं मिरजेहून ‘परसदार’ उघडून पाहिलें तें पहिल्या झटक्यास मिळालें. फोनांच्या ओळींत गोदा, निरा, मोगरा, अबोली अशीं नांवें दिसूं लागलीं आहेत. गेल्या आठवड्यांत त्यांत एक ‘प्राजक्त’ आला आहे. माईंचा फोन अद्याप जुन्याच आंकड्यांनीं दिसत असे तो त्याच दिवसापासून यादींत दिसत नाहीं. पण आम्हीं विचारलेलें नाहीं.